शंभर माणसांचा हुरडा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

संक्रांत जवळ आली, की शहरातल्या माणसाला शेत आठवतं. एरवी वर्षभर गावाकडून बोलावणं आलं, तर ‘बघू, जमवू’ म्हणणारे पाहुणे डिसेंबर संपता संपता आपणहून विचारतात, ‘काय, यंदा हुरडा आहे ना?’ आणि आपणही मोकळ्या मनानं सांगून टाकतो, ‘या की! सगळेच या.’ आज मला बोलायचंय ते या ‘सगळेच या’बद्दल. घरच्या चार माणसांनी आगटीभोवती बसून खाल्लेला हुरडा वेगळा आणि शंभर माणसांना बोलावून घातलेला हुरडा वेगळा. पहिला कुणालाही जमतो. दुसऱ्याला हिशेब लागतो. तो हिशेब मी एकदा चांगलाच चुकलेलो आहे, म्हणून बोलण्याचं धाडस करतोय.

आधी ज्यांनी हुरडा फक्त पिशवीत पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे, करमाळ्याच्या बाजूला, रब्बीची ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. ती पोटरीत येते, निसवते, फुलोऱ्यातून जाते आणि मग दाण्यात दूध भरतं. त्याला आम्ही ‘चिकात आली’ म्हणतो. हा चीक घट्ट झाला, पण दाणा अजून हिरवा आणि मऊ आहे, अशा वेळी ज्वारी हुरड्यात आली म्हणायचं. दाण्यातल्या साखरेचं सगळं पीठ झालेलं नसतं, म्हणून तो गोड लागतो. ही अवस्था जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. कणसातला एक दाणा काढून नखानं दाबावा. दूध उडालं तर घाई झाली. मळलेल्या कणकेसारखा दबला तर हुरडा. कट्‌कन फुटला तर भाकरीची वाट पाहा!

तेव्हा पहिला हिशेब तारखेचा. पाहुणे रविवार बघून येतात, ज्वारी रविवार बघून हुरड्यात येत नाही. थंडी कमी-जास्त झाली, की चार दिवस इकडे-तिकडे होतातच. त्यावर उपाय सोपा आहे. हुरड्याचा पट्टा एकदम न पेरता दोन तुकड्यांत, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं पेरावा. एक तुकडा पुढे गेला तरी दुसरा हाताशी राहतो. वाणही वेगळे असतात. गूळभेंडी, सुरती, कुचकुची ही जुनी नावं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ हे खास हुरड्याचे वाण दिले आहेत. यांचा गुण केवळ गोडीत नाही. भाजल्यावर यांचा दाणा बोंडातून चटकन सुटतो. माणसं जास्त असली, की हा गुण गोडीपेक्षाही मोलाचा ठरतो. तो कसा, ते पुढे येईलच.

आता माझी चूक सांगतो. गोष्ट २००६ सालच्या जानेवारीची. आदल्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. मी तेव्हा पुण्याला नोकरीला होतो. शेती धाकटे चुलते, म्हणजे आमचे नाना, बघत. मी कचेरीतल्या मंडळींना आमंत्रण दिलं, इमारतीतल्या शेजाऱ्यांना दिलं, शेजाऱ्यांनी त्यांच्या मेहुण्यांना दिलं. साठ माणसं येतील असं मी नानांना कळवलं होतं. एक बस आणि आठ गाड्या बांधावर येऊन थांबल्या, तेव्हा मोजली तर शंभराच्या आसपास भरली.

नानांनी एका शब्दानं कुरकूर केली नाही. आणखी कणसं कापून आणली. आगटी एकच होती. नाना, नानी आणि आमचे वाटेकरी असे तिघं तिच्याभोवती बसले. सकाळी दहाला सुरुवात झाली. नाना निखाऱ्यात कणीस खुपसत, बाहेर काढून झटकत, तळहातावर गरमागरम चोळत, सुपात टाकत आणि सूप पुढे सरकवत. सुपाभोवती एवढे हात येत, की पुढच्या दोन रांगांतच ते रिकामं होई. मागच्या रांगेतली मंडळी कंटाळून उसाच्या फडाकडे गेली, मुलं विहिरीत डोकावू लागली. मी इकडून तिकडे पळत ‘येतोय, येतोय’ म्हणत होतो. शेवटच्या पाहुण्याच्या हातात हुरडा पडला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. निघताना सगळ्यांनी ‘काय मजा आली’ म्हणून माझा हात हातात घेतला. मीही खूश होतो.

पुढच्या वर्षी डिसेंबरात मी फोन केला. नाना म्हणाले, “यंदा हुरडा न्हाई. ज्वारी पिकू दे.” मला वाटलं, त्यांना धान्य वाया गेल्याचं लागलं असेल. मी म्हणालो, “नाना, ज्वारीचे काय होतील ते पैसे मी देतो.” पलीकडे काही वेळ आवाजच आला नाही. मग त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर सहा-सात महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

कारण मला नानींकडून कळलं. त्या म्हणाल्या, “त्या दिवशी त्यांच्या हाताला फोड आलं व्हतं. आठ दिवस म्हशीची धार काढता येईना. सगळी गेल्यावर भाकरी खाल्ली त्यांनी. हुरड्याचा दाणा तोंडात घातला न्हाई. शंभर माणसांत एकानं तरी इचारावं, तुमी खाल्लं का म्हणून? तू बी न्हाई इचारलंस.” यावर मी काय बोलणार? विचारलं नव्हतं हे खरंच होतं.

मी गावी जाऊन नानांची माफी मागितली. त्यांनी ती मोठेपणानं घेतली, पण सोडलं नाही. म्हणाले, “तू माणसं मोजलीस. हात मोजलंस का?”

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तोच हिशेब आज तुमच्यापुढे ठेवतो. एका बऱ्या कणसातून मूठ-दीड मूठ हुरडा निघतो. माणशी चार कणसं धरली, तर शंभर माणसांना चारशे कणसं. एक कणीस निखाऱ्यातून काढून, झटकून, चोळून, पाखडून हातात द्यायला सरावलेल्या माणसालाही दोन मिनिटं लागतात. चारशे कणसांची आठशे मिनिटं झाली, म्हणजे तेरा तास वीस मिनिटं! तिघांत वाटले तर प्रत्येकी जवळजवळ साडेचार तास. आम्ही दहाला सुरू करून अडीचला संपवलं, ते काही ढिलाईमुळे नव्हतं. हिशेबच तेवढा होता. फक्त तो तिघांच्या तळहातांवर मांडला गेला होता.

आणि ज्वारीचं म्हणाल, तर पिकलेल्या कणसाला पन्नास ग्रॅम दाणे धरा. चारशे कणसांची वीस किलो ज्वारी होते. कणीस कापलेलं ताट वाया जात नाही, ते वैरणीला जातं. म्हणजे शंभर माणसांच्या हुरड्यात धान्याचा खर्च किरकोळ आहे. खरा खर्च हातांचा आहे, आणि मी नेमके धान्याचे पैसे देऊ केले होते!

विस्तवावरच्या सगळ्याच खाण्याची ही गोम आहे. शहरात हल्ली गच्चीवर कोळशाची शेगडी पेटवून बार्बेक्यू करतात. तिथलं गणितही हेच. जाळीवर एका वेळी वीस तुकडे मावतात आणि भाजायला दहा मिनिटं लागतात असं धरा. पन्नास पाहुण्यांना माणशी चार तुकडे म्हणजे दोनशे तुकडे, म्हणजे दहा खेपा, म्हणजे शंभर मिनिटं. या शंभर मिनिटांत यजमान धुरात उभा असतो आणि पाहुणे त्याच्या पाठीशी बोलत असतात. घरात पातेलंभर आमटी केली, की पळीनं पन्नास जणांना वाढता येते. विस्तवावरचं खाणं घासाघासानं तयार होतं आणि त्याच क्षणी खायचं असतं. गार हुरड्याला चव नाही.

या बाबतीत कोकणातली माणसं हुशार म्हणायची. रायगड जिल्ह्यात थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ. खाणारे असतील तर मसाला लावलेली कोंबडी आणि अंडी. पाल्यानंच तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पालापाचोळा, पेंढा, लाकडं पेटवायची. आत पाण्याचा थेंब नाही, पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. अर्धा-पाऊण तास यजमानालाही गप्पा मारायला मोकळीक, आणि मडकं फोडलं किंवा ओतलं, की सगळ्यांना एकदम वाढप. जास्त माणसं आली तर आणखी एक मडकं लावायचं.

आमच्या शेजारी लातूर, धाराशिव भागात वेळ अमावास्येला गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही बोलावून जेवू घालतात. तिथंही ‘सगळेच या’ असतं आणि ते निभतं. पण तिथली भज्जी आणि आंबील घरून तयार होऊन डोक्यावरून शेतात आलेली असते. त्यामागे बायकांचं रात्रीचं जागरण असतं, हेही विसरून चालणार नाही. आधी रांधून ठेवलेलं अन्न गर्दी सोसतं, विस्तवावरचं अन्न सोसत नाही. म्हणून मोठ्या हुरड्याला दोन्हींची जोड घालावी लागते.

२००८ सालापासून आमच्याकडे पुन्हा हुरडा सुरू झाला तो नानांच्या अटींवर. त्या अटी आणि पुढच्या वर्षांत शिकलेल्या गोष्टी क्रमानं सांगतो.

पहिली अट, आगट्या माणसांच्या मानानं. पंधरा-सोळा माणसांना एक आगटी. शंभर माणसांना सहा. मग एका आगटीच्या वाट्याला सदुसष्ट कणसं येतात. एका वेळी सहा कणसं पाच मिनिटांत भाजून निघतात, म्हणजे बारा खेपांत, तासाभरात काम उरकतं. प्रत्येक आगटीवर भाजणारा एक जाणता माणूस हवा, आणि अर्ध्या तासानं त्याची जागा दुसऱ्यानं घ्यायची.

दुसरी अट, चोळायचं ज्याचं त्यानं. भाजणाऱ्यानं कणीस झटकून पुढे ठेवायचं, पाहुण्यानं ते चोळायचं. सवय नसलेल्या हातांना चटका बसतो, म्हणून कणीस स्वच्छ गोणपाटाच्या घडीत धरून चोळावं. दाणे खाली सुपात पडतात आणि तळहात वाचतात. लहान मुलांच्या हातात मात्र गरम कणीस देऊ नये, त्यांना मोठ्यांनी चोळून द्यावं. या अटीमुळे पाहुण्यांचा विरस होईल अशी मला भीती होती. झालं उलटंच. स्वतः चोळलेल्या चार दाण्यांचं कौतुक लोक वर्षभर सांगत राहिले! दाणा सुटा होणाऱ्या वाणाचं मोल इथं कळतं. चिवट बोंडाची ज्वारी असली, तर नवख्या माणसाच्या हाती फोलपटंच जास्त येतात.

तिसरी गोष्ट विस्तवाची. आगटी म्हणजे शेकोटी नव्हे. जमिनीत वीत-दीड वीत खोल खड्डा घ्यायचा, त्यात गोवऱ्या रचायच्या आणि पाहुणे येण्याच्या तासभर आधी पेटवायच्या. आमच्याकडे एका आगटीला वीस-पंचवीस गोवऱ्या लागतात. ज्वाळा पूर्ण बसून लाल निखारा आणि वर राखेचा पातळ थर आला, की कणसं घालायची. ज्वाळेवर धरलेलं कणीस वरून करपतं आणि आतून कच्चं राहतं. तुराट्या, काटक्या लवकर पेट घेतात पण लवकर विझतात. निखारा धरून ठेवते ती गोवरी. पेटवायला रॉकेल मुळीच वापरू नये, त्याचा वास थेट दाण्याला लागतो.

आगट्यांची जागा वारा बघून ठरवावी. कडब्याची गंज, छप्पर आणि उभं वाळलेलं पीक वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आगटी खालच्या अंगाला. २००६ साली आमच्या आगटीतली एक ठिणगी गंजीपासून दहा पावलांवर पडली होती. वाटेकऱ्यानं ती पायानं विझवली, म्हणून वर्षाची वैरण वाचली. आता प्रत्येक आगटीजवळ पाण्याची बादली आणि ओलं पोतं असतं. निघण्यापूर्वी राखेवर पाणी ओतून ती ढवळली जाते. विहिरीला कठडा नसेल, तर पाहुणे असेपर्यंत एक मोठा माणूस तिथं बसवावा. शहरातल्या मुलांना विहिरीची ओढही असते आणि अंदाजही नसतो.

चौथी गोष्ट, पोटाला आधार. माणसं प्रवास करून भुकेली येतात आणि सगळी भूक हुरड्यावर काढतात. त्यांच्यासाठी उतरल्या उतरल्या ऊस, बोरं, पेरू, गूळ-शेंगदाणे मांडून ठेवावेत. हुरड्याबरोबर शेंगदाण्याची, लसणाची, जवसाची, कारळ्याची चटणी, दही, रेवड्या आणि गोडीशेव. हुरडा संपल्यावर तासाभरानं भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा आणि ताक. हा स्वयंपाक सकाळीच उरकलेला असावा. नाहीतर आगटीवरचं ओझं उचलून चुलीपुढच्या बायकांच्या डोक्यावर ठेवल्यासारखं होतं. मंडळी जास्त असतील तर त्यांचे दोन भाग करावेत. निम्मे आगटीवर, निम्मे शिवारात फिरायला. तासाभरानं अदलाबदल. अशा वेळी सहाऐवजी तीन आगट्या पुरतात.

आणखी एक गोष्ट हल्ली सांगावी लागते. २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात आली. ती मक्याबरोबर ज्वारीवरही पडते आणि तिच्यासाठी फवारण्या होतात. पिकलेलं धान्य पुढे वाळतं, मळलं जातं, दळलं जातं. हुरडा आपण ताटावरून काढतो तो थेट तोंडात घालतो. म्हणून हुरड्याच्या पट्ट्यावर कीटकनाशक मारायचं नाही हा आमच्या घरचा नियम आहे. विकतच्या हुरड्याला जाल, तर शेतकऱ्याला हे मोकळेपणानं विचारा. चांगला शेतकरी त्याचा राग मानत नाही.

विकतच्या हुरड्यावरून आठवलं. आता कृषी पर्यटनाची केंद्रं ठिकठिकाणी झाली आहेत, पैसे भरून हुरडा मिळतो, आणि त्यात गैर काही नाही. ज्वारीला भाव नसताना कुणाला त्यातून चार पैसे मिळत असतील तर आनंदच आहे. उलट तिथं हातांचा हिशेब झालेला असतो. भाजणाऱ्याला मजुरी मिळते. अडचण होते ती आपल्या घरच्या हुरड्यात. तिथं पैशाचा प्रश्न येत नाही, म्हणून कष्टाचाही येत नाही अशी आपली समजूत होऊन बसते. ‘घरचंच तर आहे’ म्हणताना ते घर कुणाच्या जिवावर चाललंय, हे बघायचं राहून जातं.

नानांची तिसरी अट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ती अशी की, पहिल्या खेपेचा हुरडा भाजणाऱ्यानं खायचा. पाहुण्यांनी थांबायचं. सुरुवातीला मला हे अवघड वाटलं. पाहुण्यांच्या आधी घरच्यांनी खायचं, हे आपल्या रीतीत बसत नाही. पण त्याचा उपयोग ध्यानात आला. पहिलं कणीस खाणाऱ्याला ज्वारी कशी आहे, निखारा कसा आहे, मीठ-चटणी बेताची आहे का, हे सगळं आधीच कळतं. आणि शंभर माणसांना, भाजणारा माणूसही खाणारा आहे, हे एकदा डोळ्यांनी दिसतं. त्यानंतर कुणी ना कुणी आपणहून उठतं आणि म्हणतं, ‘तुम्ही जरा बाजूला व्हा, मी बसतो.’ गेल्या इतक्या वर्षांत असं झालं नाही, असा एकही हुरडा मला आठवत नाही.

नाना आता ऐंशीच्या घरात आहेत. आगटीवर बसत नाहीत; शेजारी बाज टाकून देतो, तिथून ते ‘निखारा वर घ्या’, ‘कणीस फिरवा’ असं सांगत असतात. मुलांची मुलं आता भाजायला बसतात. पहिलं कणीस नियमाप्रमाणं भाजणाऱ्याचं. दुसरं चोळून, पाखडून, जरा निववून मी बाजेवर नेऊन देतो. नानांचे दात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, म्हणून ते कणीस थोडं चिकातलं निवडावं लागतं. तेवढं आदल्या संध्याकाळी मी स्वतः शेतात जाऊन बघून ठेवतो.